चिंध्यांचे पानिपत

चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्यांचे आणि चिनी मातीच्या तुकड्यांचे पुतळे बघायला झुंबड उडते. त्याच आवारातल्या कापडी बाहुल्यांकडे मात्र त्या मानाने थोडेच लोक वळतात. आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जुन्या कापडाच्या चिंध्या गच्च गुंडाळून भरलेले अंग, आणि वर शिंप्यांच्या दुकानातून आणलेल्या कतरनींचे कपडे असा या बाहुल्यांचा घाट असतो. त्या करणारे नेकचंद सैनी सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. जन्म १९२४ सालचा, फाळणीत पाकिस्तानात गेलेल्या शकरगढ तालुक्यातला. नवे शहर उभारण्यासाठी उठवलेल्या गावांचा राडारोडा सायकलीवरून वाहून आणून त्यांनी १९५७च्या सुमारास सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात गुपचूप काम सुरू केले. ते अधिकाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत अठरा-एक वर्षे गेली. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली, १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. वास्तुकार ल कॉर्बुझिएने आखलेल्या काटेकोर, नव्या कोऱ्या शहरात सर्वांत लाडकी जागा टाकाऊ मालाची निघावी, यात थोडी गंमत आहेच.

टाकलेल्या कापडापासून नवे वस्त्र करण्याला आज फॅशनच्या दुनियेत मोठमोठी नावे आहेत. प्रत्यक्षात वाटा दोनच. एक, जुने कापड कापड म्हणूनच ठेवून त्याचे दुसरे काही शिवायचे. याला अपसायकलिंग म्हणतात, आणि नेकचंद यांच्या बाहुल्या याच जातीच्या. दुसरी वाट म्हणजे कापड फाडून, पिंजून त्याचे पुन्हा तंतू करायचे आणि त्यांचे नवे सूत कातायचे. हे रिसायकलिंग. पहिल्या कामाला कसबी हात लागतात, दुसऱ्याला यंत्रे. दोन्हींचे हिशेब आणि अडचणी वेगळ्या आहेत. दुकानातल्या चिठ्ठीवर दोन्ही एकाच हिरव्या पानाखाली छापलेले असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाची गल्लत होते.

पहिली वाट मराठी घराला नवी नाही. नऊवारीच्या मऊ झालेल्या पदरांची गोधडी किंवा वाकळ, धोतराची दुपटी, उरलेल्या खणाची टोपडी हा सगळा पुनर्वापरच. त्यातूनही उरेल ते बोहारणीला जाई. चार साड्या आणि दोन पँटींवर स्टीलचे पातेले मिळवायचे की नुसती वाटी, यावर दारात अर्धा तास घासाघीस चाले. साडी उजेडात धरून ती विरली आहे का हे बघणारी बोहारीण म्हणजे कापडाची पक्की पारखी. जरीच्या जुन्या साड्यांची तर वेगळीच गोष्ट. त्या जाळून राखेतून चांदी काढणारे लोक गावोगाव फिरत. तरीही भाषेने चिंधीला मान दिला नाही. ‘चिंधी’ ही आपल्याकडे शिवीच. याच शब्दाच्या हिंदी रूपाने, म्हणजे ‘चिंदी’ने, मात्र निर्यातीच्या बाजारात नाव कमावले आहे. कापडाच्या पट्ट्या विणून केलेल्या सतरंज्या परदेशी दुकानांतून ‘चिंदी रग’ म्हणूनच विकल्या जातात, आणि त्यांतल्या पुष्कळ पानिपतच्या असतात.

पानिपत चंदीगडहून दिल्लीच्या वाटेवर, मोटारीने तीनेक तासांवर. मराठी माणसाला हे गाव १४ जानेवारी १७६१ या तारखेमुळे ठाऊक आहे आणि ‘पानिपत होणे’ म्हणजे धूळधाण होणे, एवढाच अर्थ त्याच्या मनात असतो. हरियाणाच्या व्यापाऱ्याच्या तोंडी पानिपत म्हणजे घोंगडी, चादरी, पडदे, सतरंज्या. १९४७ मध्ये इथले मुसलमान विणकर मोठ्या संख्येने सीमेपलीकडे गेले आणि झंग, मुलतान या भागांतून आलेल्या निर्वासितांनी माग बसवले. त्यांच्याबरोबर खेस विणण्याची कला आली. खेस म्हणजे जाड सुती, दुहेरी विणीची चादर. ओढायलाही चालते आणि अंथरायलाही. नेकचंद आणि पानिपतचे विणकर एकाच उलथापालथीतून इकडे आले. टाकलेल्या वस्तूतून संसार उभा करण्याची सवय या पट्ट्याला तेव्हापासूनची म्हणावी लागेल.

पुढच्या काळात पानिपतने आणखी एक धंदा उचलला, तो शॉडीचा. लोकरीच्या चिंध्या फाडून पुन्हा सूत कातण्याची ही रीत इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची. बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये ती बसवली. बॅटली आणि ड्यूजबरी ही गावे या धंद्यावर वाढली, नंतर इटलीतले प्राटो पुढे आले. शॉडी या शब्दाला इंग्रजीत ‘निकृष्ट’ असा अर्थ चिकटला तो याच कापडामुळे. म्हणजे चिंधीला नाव ठेवण्याची खोड आपल्यापुरती नाही. युरोपात मजुरी महागली तसा हा धंदा पूर्वेकडे सरकत गेला आणि पानिपत जगातल्या मोठ्या शॉडी केंद्रांपैकी एक झाले.

माल येतो तो समुद्रमार्गे. अमेरिका-युरोपातल्या लोकांनी दान केलेले कपडे तिथल्या दुकानांत विकले जातात, न खपलेल्यांच्या दाबून गाठी बांधल्या जातात. वापरलेले कपडे भारतात सरसकट आणता येत नाहीत, कारण ते बाजारात आले तर इथला तयार कपड्यांचा धंदा बसेल. म्हणून गाठीतला कपडा आधी चिरलेला असावा लागतो. पाठीवर आडवे वार केलेले कोट, बाही उभी फाडलेले स्वेटर अशा अवस्थेत माल गोदामात उतरतो. दिसायला चांगला, पण अंगात घालता येणार नाही असा.

गोदामातले पहिले काम बायकांचे. त्या जमिनीवर बसतात, समोर उभे पाते रोवलेले असते. आपल्या विळीचे पाते सरळ उभे केले तर जसे दिसेल तसे. कोट हातात येतो, पात्यावर ओढून कॉलर वेगळी होते, मग बटणांची पट्टी, मग चेन, मग आतले अस्तर. मानेजवळचा छापील लेबलाचा तुकडाही तिथेच उडतो. कोटाची शिवण कुठे आहे आणि कोणत्या बाजूने ओढली की एका झटक्यात उसवते, हे हातांना पाठ असते. बटणे आणि चेन वेगळ्या विकल्या जातात. अस्तराचा ढीग निराळा, कारण ते बहुधा पॉलिएस्टरचे असते आणि लोकरीत मिसळले तर सूत बिघडते. कपडा लोकरीचा, सुती की कृत्रिम, याचा निवाडा बोटे करतात. शंका आलीच तर धागा जाळून बघायचा. लोकर केसासारखी जळते आणि वासही केसाचाच येतो, कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

त्यानंतरची रंगांची निवड ही या धंद्याची खरी कमाई. लाल, निळा, हिरवा, काळा, करडा असे ढीग पडतात, आणि लालमध्येही गडद-फिका वेगळा. रंग असा आधीच जुळवून घेतला की सुताला पुन्हा रंगवावे लागत नाही. कपड्याच्या जन्मात पाण्याची सर्वांत घाण नासाडी होते ती रंगाईत आणि धुलाईत. ती पूर्ण पायरीच इथे गळते. पर्यावरणाच्या नावाने शॉडीचे कौतुक करायचे असेल तर ते या ढिगांपाशी करावे. हे कौशल्य पगारात मात्र दिसत नाही. कपडे निवडणे ही अकुशल मजुरी समजली जाते.

निवडलेला माल ओलसर करून फाडणीच्या यंत्रात जातो. दातेरी रूळ त्याचे लचके तोडतात. एकामागून एक रुळांतून गेल्यावर कोटाचा पिंजलेल्या कापसासारखा भुगा होतो. त्यात गरजेपुरते नवे कृत्रिम तंतू मिसळून पिंजतात आणि जाडसर सूत कातून माग चालवतात. विणलेल्या कापडाला ब्रश मारून लव उठवली की घोंगडी तयार होते. भूकंप, पूर, युद्ध अशा प्रसंगी मदतसंस्था वाटतात त्या करड्या, चौकटीच्या घोंगड्या बहुतकरून याच प्रकारच्या. स्वस्त, उबदार आणि हव्या तितक्या. अमेरिकेतला कोट पानिपतला फाटतो आणि आफ्रिकेतल्या छावणीत कुणाच्या अंगावर जातो. मेघना गुप्ता यांनी २०१२ मध्ये केलेला ‘अनरॅव्हल’ हा लघुपट अशाच गोदामातल्या बायकांवर आहे. एवढे धडधाकट कपडे लोक टाकतात तरी का, याचे त्यांनी बांधलेले तर्क त्यात ऐकायला मिळतात.

धंद्याची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. फाडणीच्या खोलीत तंतूंची धूळ हवेत तरंगत असते. कापसाच्या धुळीने छाती भरण्याचा बायसिनोसिस हा रोग मुंबईच्या गिरणी कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, तोच धोका इथे आहे. शिवाय सगळे सूत रंगाविना होते असेही नाही. पानिपतमधल्या ब्लीच आणि रंगाईच्या कारखान्यांनी गावाचे पाणी नासवल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. लुधियानाचीही हीच कहाणी. चंदीगडच्या पश्चिमेला असलेले हे शहर स्वेटर आणि होजिअरीचे माहेरघर आणि तिथल्या रंगाईचे पाणी वर्षानुवर्षे बुढ्ढा नाल्यातून सतलजला मिळत आले आहे. घोंगडीवर ‘पुनर्वापरातून तयार’ असा शिक्का असला म्हणून ती स्वच्छ ठरत नाही. कोणत्या पाण्याने, कोणत्या खोलीत, किती मजुरीवर झाली हेही विचारावे लागते. त्यातच पॉलिएस्टरच्या मऊ फ्लीस घोंगड्या बाजारात आल्या आणि शॉडीचे गिऱ्हाईक फुटले. पानिपतच्या अनेक कारखानदारांनी मग स्वतःच फ्लीसची यंत्रे लावली.

शॉडीची घोंगडी होते, मग चांगला सदरा का होत नाही? याचे उत्तर तंतूच्या लांबीत आहे. सदऱ्याचे बारीक, मजबूत सूत लांब तंतूंतूनच निघते. नव्या कापसाचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर असतो. फाडणीत तो तुटून आखूड होतो, आणि आखूड तंतूंचे सूत जाड व कमकुवत निघते. नवा कापूस मिसळून ते सावरता येते, पण प्रत्येक फेरीत दर्जा उतरतोच. याहून मोठी अडचण मिश्र कापडाची. सुती-पॉलिएस्टर कापडातले दोन तंतू सुतातच एकजीव झालेले असतात. ते निराळे करायला रासायनिक प्रक्रिया लागते आणि ती अजून महागडी आहे. जीन्सला ताण यावा म्हणून त्यात दोन-चार टक्के लायक्रा घालतात. तेवढ्याने ती फाडणीच्या यंत्राला नकोशी होते. म्हणजे कपड्याचे मरणोत्तर भवितव्य तो शिवण्यापूर्वीच, कापड निवडताना ठरलेले असते.

‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२च्या अहवालानुसार भारतात दर वर्षी सुमारे ७८ लाख टन कापड-कचरा जमा होतो, जगाच्या साडेआठ टक्के. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक घराघरांतून येतो, सुमारे ४२ टक्के कारखान्यांतून, आणि ज्याची एवढी चर्चा होते तो आयात माल जेमतेम सात टक्के. एकूण कचऱ्यापैकी ५९ टक्के पुन्हा वापरात येतो. बोहारणी, भंगारवाले आणि पानिपतची गोदामे यांना याचे श्रेय द्यायला हवे, कारण ही साखळी कोणा योजनेने उभारलेली नाही.

कारखान्यातला कचरा मुख्यतः कातरीचा. मार्करवर, म्हणजे कापणीच्या आराखड्यावर, कितीही काटकसरीने भाग मांडले तरी गळ्याची गोलाई आणि बाहीची कमान यांच्या मधले तुकडे वाया जातातच. कापडाचा सात-आठवा हिस्सा असा जातो असा ढोबळ हिशेब धंद्यात सांगतात. हा माल मात्र सोन्यासारखा: कोरा, न मळलेला, एकाच रंगाचा आणि कोणत्या तंतूचा हे पक्के माहीत असलेला. पानिपतमध्ये अशा कतरनींचे सूत कातले जाते आणि त्याचे पडदे, चादरी, सतरंज्या होतात. जुन्या शिवणीत हा कचरा निघतच नसे. पंजाबी कुर्त्याचा किंवा आपल्या बाराबंदीचा घाट बघावा. सरळ पट्ट्या, बाजूला तिरप्या कळ्या, काखेत चौकोनी तुकडा. अरुंद पन्ह्याचे हातमागाचे कापड फुकट जाऊ नये म्हणूनच हा काट बसला. आज फॅशनच्या शाळांत ‘झीरो वेस्ट’ म्हणून शिकवतात ते तत्त्व शिंपीआळीला पूर्वीपासून ठाऊक आहे.

चंदीगडच्या परिसरात या शाळा चिकार आहेत: पंजाब विद्यापीठाची फॅशन तंत्रज्ञान संस्था चंदीगडमध्ये, एनआयआयएफटी मोहालीत, निफ्ट पंचकुल्यात. एका बाजूला लुधियाना, दुसऱ्या बाजूला पानिपत आणि मध्ये शिकणारी मुले, असा योग देशात फार ठिकाणी नाही.

जुन्या कापडातून शिवायचे तर डिझाइनच्या कामाचा क्रम उलटा होतो. एरवी आधी चित्र काढतात, मग कापड शोधतात. इथे आधी हाती आलेले कापड बघायचे. आईचा विरलेला फुलकारीचा दुपट्टा घ्या. खद्दरवर रेशमी पटाचा धागा भरलेला, मधली फुले शाबूत पण काठ झिजलेले. तो उजेडात धरून कुठे दम उरला आहे हे खडूने आखतात. झिजलेल्या भागाला मागून पातळ सुती कापड लावून गोधडीसारखे धावदोऱ्याचे टाके घालतात. शाबूत फुले पाठीवर यावीत आणि ताण पडणाऱ्या खांद्यावर दुसरे मजबूत कापड यावे, अशी मांडणी करून जाकीट कापतात. धाग्याची उभी-आडवी दिशा चुकली तर पहिल्या धुण्यात जाकीट वाकडे होते. शिवाय हे सगळे कापड एकेरीच कापावे लागते. कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एका कातरीत ढीगभर बाह्या निघतात, इथे प्रत्येक बाही वेगळी. जुन्या कापडाचे जाकीट नव्यापेक्षा महाग का, याचे कारण हेच. कापड फुकट असले तरी हात फुकट नसतात.

हातांचा प्रश्न निघाला की ‘नैतिक’ या शब्दाकडे यावे लागते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. त्यातले बहुसंख्य कपडे शिवणारे कामगार. त्यानंतर कपडा कोणी, कुठे शिवला हे विचारण्याची सवय थोडीफार लागली आणि प्रमाणपत्रांचे पेव फुटले. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड हे त्यातले एक. त्याचे चिन्ह गिऱ्हाइकापुढे लावायचे तर मालात निदान ५० टक्के पुनर्वापराचा अंश लागतो, आणि रसायने व कामगार यांच्याविषयीच्या अटी वेगळ्या. प्रमाणपत्र म्हणजे खात्री, असे मात्र नाही. २०२० मध्ये भारतातल्या सुमारे २० हजार टन ‘सेंद्रिय’ कापसाची कागदपत्रे बनावट निघाली आणि सेंद्रिय कापडाची मानके ठरवणाऱ्या ‘गॉट्स’ या संस्थेलाच तसे जाहीर करावे लागले. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांचे अहिंसा रेशीम वेगळ्या वाटेचे. पतंग कोष फोडून बाहेर पडल्यावर त्याचे रेशीम काढतात. कोष तुटल्यामुळे अखंड धागा मिळत नाही, तो कापसासारखा कातावा लागतो, म्हणून या रेशमाला चकाकी कमी आणि किंमत जास्त.

बाटल्यांपासून होणाऱ्या पॉलिएस्टरची जाहिरात सर्वांत जोरात आहे आणि तिच्याविषयी सावध असलेले बरे. प्लॅस्टिकची बाटली वितळवून पुन्हा बाटली करता येते. तिचा टी-शर्ट केला की पुढे बहुधा कचराकुंडीच, आणि प्रत्येक धुण्यात बारीक प्लॅस्टिक तंतू पाण्यात जातात ते निराळेच. पुण्याच्या अमिता देशपांडे यांनी ‘रीचरखा’मधून धरलेली वाट त्या मानाने सरळ आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वेष्टने धुऊन, रंगाप्रमाणे वेगळी करून, त्यांच्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर बाणा म्हणून विणतात. त्याच्या पिशव्या, पाकिटे होतात, म्हणजे वारंवार धुण्याचा प्रश्नच येत नाही. रंग निवडला की रंगवायला नको, हे पानिपतचे गणित इथेही लागू पडले आहे.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून सदस्य देशांत जुने कपडे वेगळे गोळा करणे बंधनकारक केले आहे. गाठी वाढतील, पण त्यातला माल सुधारेल असे नाही. लोकरीच्या कोटांची जागा स्वस्त मिश्र कपड्यांनी घेतली आहे आणि फाडणीच्या यंत्राला तो माल चालत नाही. कपडा घेताना मानेजवळचे लेबल वाचावे. एकाच तंतूचे नाव असेल तर तो कपडा पुढे कोणाच्या तरी कामाचा. तीन-चार नावे असतील तर घेणाऱ्याने तो विरेपर्यंत वापरावा, कारण त्यानंतर त्याला गिऱ्हाईक नाही.